कासची कीटकभक्षी रोपं ओळखताना: रंग सोडा, कुक्षिवृंत मोजा, केस बघा

कातळफूल (सातारा)

नमस्कार मंडळी. श्रावण-भाद्रपदात कास, चाळकेवाडी, यवतेश्वर इथले फोटो गटांवर यायला लागतात, आणि गुलाबी-पांढऱ्या प्रत्येक चिकट रोपाखाली 'दवबिंदू' (ड्रोसेरा), निळ्या प्रत्येक ठिपक्याखाली 'सीतेची आसवे' (युट्रिक्युलेरिया) लिहून लोक मोकळे होतात. तेवढ्यावर थांबलं तर रोपाची अर्धी गंमत हातातून जाते. आपल्या पठारांवर दवबिंदूच्या दोन जाती मिळतात आणि त्या रंगावरून ओळखू नयेत. पाकळ्या पांढऱ्यापासून गुलाबीपर्यंत दोन्हींत जातात, आणि कडक उन्हात अख्खं रोपच लालसर होतं.

नक्की ओळख फुलाच्या मध्यभागी आहे. दोन्ही जातींत निदलं (पाकळ्यांखालची हिरवी दलं) ५, पाकळ्या ५, पुंकेसर ५. इथवर फरक नाही. आता अंडाशयाच्या डोक्यावरचे धागे, म्हणजे कुक्षिवृंत, बघा. गवती दवबिंदूत, म्हणजे ड्रोसेरा इंडिकात, कुक्षिवृंत ३ असतात, पण प्रत्येक बुडापासून दुभंगलेला, म्हणून भिंगातून ६ धागे दिसतात. जमिनीलगतच्या ड्रोसेरा बर्मानीत कुक्षिवृंत ५, न दुभंगलेले, टोकाशी आत वळलेले. फळ पिकलं की हाच हिशेब पुन्हा दिसतो: पहिल्याचं बोंड ३ झडपांनी उघडतं, दुसऱ्याचं ५.

फूल मिटलेलं असेल तर केस बघा. गवती दवबिंदूच्या फुलदांड्यावर ग्रंथी असलेले बारीक केस असतात. बर्मानीचा दांडा गुळगुळीत, एकही केस नाही. आणि पानाच्या बुडाशी बर्मानीत कोरडी, पातळ, झालरीसारखी फाटलेली उपपर्णं असतात. गवतीत उपपर्णंच नसतात.

बाकी ठेवण तर लांबूनही कळते. गवतीला उभं खोड असतं आणि त्यावर दोऱ्यासारखी लांब पानं एकाआड एक लागतात. बर्मानी रुपयाच्या नाण्याएवढ्या चक्रात जमिनीला चिकटून बसतो, पानं पाचरीसारखी.

पायवाट

फुलं मिटलेलीच सापडतात हो, दुपारी गेलं की. किती वाजता उघडतात?

कातळफूल (सातारा)

ऊन अंगावर आलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. ढगाळ दिवशी काही उघडतच नाहीत. साधारण ९ ते १२ ही वेळ धरा. फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो, त्यावर बहुधा दिवसाला एकच फूल उमलतं, खालून वर क्रमाने. म्हणजे आज हुकलं तर त्याच दांड्यावर उद्या वरची कळी. मिटताना पाकळ्या पुंकेसरांना कुक्षीवर, म्हणजे कुक्षिवृंताच्या पराग धरणाऱ्या टोकावर, दाबतात आणि स्वपरागण होऊन जातं, त्यामुळे ज्या फुलाला एकही कीटक भेटला नाही त्यालाही बी धरतं.

पायवाट

आभारी. आणखी एक. पुस्तकात 'केसाळ पान' लिहिलेलं असतं. पानावरचे ते लाल, टोकाला थेंब असलेले म्हणजे केसच ना?

सूक्ष्मदर्शी

पायवाट, इथे शब्द जपून वापरावा लागतो. वनस्पतिशास्त्रात रोम म्हणजे फक्त वरच्या त्वचेच्या पेशींपासून निघालेली वाढ. दवबिंदूचा तंतू तसा नाही. त्याच्या बनावटीत त्वचेखालच्या थरांचाही वाटा असतो, आणि त्याच्या आतून पाणी वाहणाऱ्या नलिका थेट डोक्यापर्यंत जातात. म्हणून त्याला काटेकोर अर्थाने केस न म्हणता उद्गम म्हणतात, गुलाबाचा काटा ज्या वर्गात येतो त्या वर्गात. बोलताना तंतू म्हणावं हे उत्तम.

डोक्याची रचना बाहेरून आत अशी असते: स्राव करणाऱ्या पेशींचे दोन थर, त्याखाली एक अडथळ्याचा थर, आणि गाभ्यात नलिकांचा झुबका. हा अडथळ्याचा थर फार महत्त्वाचा. त्याच्या पेशींच्या बाजूच्या भिंतींवर मेणचट लेप असतो, त्यामुळे रस भिंतींमधून झिरपून जाऊ शकत नाही. जे काही आत-बाहेर जायचं ते पेशीच्या आतूनच, म्हणजे झाडाच्या ताब्यात राहून. एकच डोकं चिकट पदार्थ बनवतं, पाचक रस सोडतं आणि विरघळलेलं अन्न परत शोषतं. तीन कामं एका टाचणीच्या डोक्याहून लहान गोळ्यात!

त्याच पानावर दांडी नसलेल्या, पृष्ठभागाला चिकटलेल्या छोट्या ग्रंथीही असतात. त्या साध्या भिंगात दिसत नाहीत, पण खरे रोम म्हणायचे तर ते तेच.

बर्मानीत आणखी एक प्रकार आहे. पानाच्या कडेला लांब, चपट्या दांडीचे तंतू असतात, त्यांच्या टोकावर चिकट थेंब नसतो. कीटक टेकला की ते क्षणात आत मिटतात आणि त्याला मधल्या चिकट तंतूंवर ढकलतात. मधले तंतू त्या मानाने सावकाश वाकतात. फोटोत कडेचे तंतू कोरडे दिसले म्हणून रोप आजारी आहे असं समजू नका, ते तसेच असतात.

मंजिरी_वाई

सूक्ष्मदर्शीदादा, चित्रकाच्या फुलाखालचा भागही चिकट असतो, त्यावरही मुंग्या अडकतात. मग तो कीटकभक्षी का नाही?

सूक्ष्मदर्शी

मंजिरीताई, नेमका प्रश्न. चित्रकाच्या निदलपुंजावर दांडीवाल्या चिकट ग्रंथी असतात, आणि कुळाच्या नात्याने चित्रक दवबिंदूचा लांबचा भाऊबंदच आहे, दोन्ही कुळं एकाच गणात मोडतात. पण नुसतं पकडणं म्हणजे खाणं नाही. कीटक पकडला, पचवला आणि त्यातलं नत्र आत घेतलं, एवढं सगळं दाखवता आलं तर कीटकभक्षी. चिकट केस असलेली झाडं आपल्याकडे रस्त्याकडेला पुष्कळ: पिवळी तिळवण, विंचू नावाचं रोप, पुनर्नवेची फळं. बहुतेकांचा चिकटपणा फुलाकडे चढणाऱ्या मुंग्या-किड्यांना अडवायला किंवा बी पसरवायला असतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सीतेच्या आसवांबद्दल मी लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पर्यटक विचारतात, 'हे फूल किडे कसं पकडतं?' फूल काहीच पकडत नाही. ते परागणासाठी आहे. सापळे मातीत असतात, ओल्या मातीतल्या बारीक धाग्यांवर लागलेले फुगे, बहुतेकांचे १-२ मिमीच्या आतबाहेर. या वंशाला खरी मुळंच नसतात.

आधी फूल. निदलपुंजाचे भाग २, वर एक आणि खाली एक. दलपुंज, म्हणजे पाकळ्यांचा भाग, दोन ओठांचा, खालचा मोठा, त्याच्या बुडाशी फुगीर उंचवटा, त्याला आपण टाळू म्हणू. मागे शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी पोकळ नळी, तिच्यात मध. पुंकेसर फक्त २, वाकडे, आणि त्यांच्या पुढ्यात कुक्षी, तीही दोन ओठांची. अंडाशयाचा कप्पा १ आणि बीजांडं मधल्या सुट्या खांबावर.

मधमाशी बसली की टाळू खाली दबतो आणि शुंडिकेचं तोंड उघडतं. डोकं आत घालताना ती आधी कुक्षीला घासते, मग परागकोशांना. हा क्रम उलटा असता तर त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला लागला असता. काही जातींत कुक्षीचा खालचा ओठ स्पर्श झाला की मिटतो, म्हणजे माशी मागे सरताना अंगावरचा पराग परत कुक्षीला लागत नाही. टाळूवर आणि शुंडिकेच्या आत ग्रंथिल रोम असतात, आणि हे मात्र खरेखुरे रोम: एक बुडाची पेशी, त्यावर एक अडथळ्याची पेशी, टोकाला स्रावाच्या पेशी. आत नलिका नाही.

जाती ओळखताना रंगापेक्षा पुढच्या गोष्टी बघाव्यात. दांडा स्वतःच्या बळावर उभा आहे की गवताला वेढे घालतोय? पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या भातखाचरांत बांधालगत गवताच्या किंवा भाताच्या काडीला गुंडाळलेलं निळं-जांभळं फूल आणि खालच्या ओठावर गडद शिरांची जाळी दिसली, तर युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटा. पठारावर निळी चादर अंथरते ती उभ्या दांड्याची, स्थानिक याद्यांत युट्रिक्युलेरिया पर्पुरासेन्स नावाने असते. फुलाखालचं छद (पानासारखं छोटं खवलं) बुडाशी जोडलंय की मध्यावर, हेही बघा. युट्रिक्युलेरिया सेरुलियात ते मध्याशी चिकटलेलं असतं आणि त्याची वर-खाली दोन्ही टोकं सुटी राहतात. ही खूण फोटोत सहसा येत नाही, कारण सगळे फुलाचाच फोटो काढतात.

कातळफूल (सातारा)

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. नाव विचारायचं असेल तर निदान ५ फोटो द्या: फूल समोरून, फूल बाजूने (शुंडिका खालच्या ओठापेक्षा लांब की आखूड ते यातच कळतं), निदलपुंज मागून, छदाचा जवळून, आणि दांड्याच्या बुडाचा. शेजारी मिलिमीटर कागदाचा तुकडा धरा.

पायवाट

मोबाइलवर थेंब फार चमकतात, केस दिसतच नाहीत. काय चुकतंय?

लोलक

फ्लॅश बंद करा. प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटं भिंग, त्यात फ्लॅशचा पांढरा ठिपका उमटतो आणि तंतूचं डोकं त्यामागे झाकलं जातं. पांढऱ्या छत्रीने किंवा बटर पेपरने ऊन मऊ करा, रोपामागे काळा कार्ड धरा, आणि फोकस पानावर न करता तंतूच्या टोकावर करा. क्लिपची मॅक्रो लेन्स असेल तर मोबाइल स्थिर धरून स्वतःच पुढे-मागे व्हा, पडद्यावर बोट लावून फोकस शोधत बसू नका.

हातभिंग १० पटीचं पुरे. ते डोळ्याला चिकटवून धरायचं आणि डोकं रोपाकडे न्यायचं. भिंग रोपाजवळ आणि डोळा लांब, अशाने काही दिसत नाही. त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं, म्हणून आधी खाली काय आहे ते बघा. पायवाटेच्या किंवा उघड्या जांभ्याच्या कडेचीच रोपं निवडा, कुंपणापलीकडची नाही.

आणि दव की चिकट थेंब ही शंका असेल तर उन्हं चढेपर्यंत थांबा. दव उडून जातं, चिकट थेंब तसाच राहतो. दव पानाच्या कडेला आणि गवतावरही असतं, चिकट थेंब फक्त तंतूच्या टोकावर. गवताची काडी लावून अलगद ओढली की चिकट थेंबाचा धागा निघतो. जोराच्या पावसानंतर मात्र थेंब धुऊन गेलेले असतात, रोप साधंच दिसतं. उघडीप मिळाली की पुन्हा भरतात.

मंजिरी_वाई

बीएस्सीच्या मुलांना तंतूतल्या नलिका दाखवायच्या आहेत. स्लाइड कशी करावी? साहित्य पठारावरून आणणार नाही, कुंडीत वाढवलेला बर्मानी आहे.

सूक्ष्मदर्शी

कुंडीतलं आहे हे फार बरं. राखीव वनातून रोप, बी, मातीसुद्धा वनविभागाच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे.

कृती सांगतो. एक प्रौढ पान ब्लेडने कापा. सुईने धरा, ब्रशने नको, ब्रशला चिकटून तंतू तुटतात. साध्या पाण्यात हलवून चिकट पदार्थ धुवा, नाहीतर काचेखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं त्यांनाच पेशी समजतात. मग रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये टाका, स्पिरिट हिरवं-लालसर झालं की बदला. पान पांढुरकं होईपर्यंत, साधारण एक रात्र. घाई इथेच नडते. डोक्यातला लाल रंग मुळात झाडाचाच असतो. तो निघण्याआधी सॅफ्रानीन (लाल रंगद्रव्य) लावलं तर लाल कशामुळे दिसतंय ते सांगता येत नाही.

पान फिकट झालं की निम्म्या स्पिरिट-पाण्यातलं १ टक्का सॅफ्रानीन ३ ते ५ मिनिटं, मग रंग निघायचा थांबेपर्यंत स्पिरिटने धुणं. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात पानाची फक्त कड. वरची काच ठेवण्याआधी दोन बाजूंना फुटक्या काचेचे तुकडे ठेवा, म्हणजे डोकी चिरडणार नाहीत. १०० पटीत दांडीच्या मधोमध लाल रेघ दिसेल, ४०० पटीत तिच्यावरचे स्प्रिंगसारखे वेढे. हीच ती नलिका.

दुसरा प्रयोग ताज्या पानाचा, आणि मला तो जास्त आवडतो. ०.१ टक्का मेथिलीन ब्लू घ्या. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतं ते फिकट आभाळी रंगावर येईपर्यंत पातळ केलं तरी चालतं. पान ५ मिनिटं बुडवून धुवा. तंतूंची डोकी निळी होतात, दांड्या आणि पानाची त्वचा जवळजवळ कोरी राहते. कारण झाडाच्या त्वचेवर पाणी न झिरपू देणारा लेप असतो आणि ग्रंथीच्या डोक्यावर त्यात फटी असतात. अन्न आत जातं ते याच फटींतून. स्लाइडवर हे एकदा बघितलं की 'शोषण' हा शब्द मुलांना पाठ करावा लागत नाही.

फूल मिळालं तर परागकोशही फोडून बघा. दवबिंदूचे परागकण चार-चार एकत्र चिकटलेले असतात.

कृष्णाकाठ (सांगली)

फुग्यांसाठी तळ्यातली पाण्यात तरंगणारी पिवळ्या फुलांची जात सोपी, मातीतले फुगे धुताना तुटतात. एकच पथ्य: रोप पाण्याबाहेर काढू नका. बाहेर काढलं की सापळे हवा ओढून घेतात आणि आत बुडबुडा बसतो, मग काहीच दिसत नाही. ड्रॉपरने पाण्यासकट काचपट्टीवर घ्या.

बाहेरून बघाल तर दारावर कडक स्पर्शकेस, तोंडाशी फांद्यांसारखे लांब केस, आणि पृष्ठभागावर घुमटासारख्या छोट्या ग्रंथी. फुगा ब्लेडने उभा कापा. आतल्या भिंतीवर चार हातांचे रोम, इंग्रजी एक्ससारखे पसरलेले, आणि दाराच्या उंबरठ्याशी दोन हातांचे. चार हातांचे पचन आणि शोषण करतात. दोन हातांचे आतलं पाणी उपसून बाहेर टाकण्यात काम करतात, त्यामुळे फुग्याच्या भिंती आत खेचल्या जातात. स्पर्शकेसाला धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट जीव आत खेचला जातो, हजारांश सेकंदाच्या आसपास. पुन्हा ताणून तयार व्हायला अर्धा तास लागू शकतो. कापताना फुगा पळतो, तो गाजराच्या फटीत धरून कापा.

माळरान

कुंडीतल्या बर्मानीचे थेंबच गेलेत. तंतू आहेत, पण कोरडे. पानांची टोकं तपकिरी. मिरजेत आहे, नळाचं पाणी देतो.

लोलक

माळरान, पाणीच कारण दिसतंय. बाष्पीभवन होतं आणि क्षार कुंडीत साठत जातात. पहिल्यांदा थेंब जातात, मग टोकं जळतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर ५० पीपीएमच्या आत. आता लगेच नुसतं पाणी बदलून भागणार नाही, माती बदला.

माती: धुतलेलं कोकोपीट २ भाग, जाडी वाळू १ भाग. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून पिळा, असं निदान ३ वेळा, आणि शेवटच्या पिळलेल्या पाण्याचाही टीडीएस मोजा. वाळूवर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना आहे, ती वाळू घेऊ नका. शेणखत, गांडूळखत, युरिया काहीही नको. हे रोप मुळात जांभ्यावरच्या पातळ, धुपलेल्या, नत्र कमी असलेल्या मातीचं आहे.

कुंडीखाली ताटलीत १-२ सेंमी पाणी, ५-६ तास थेट ऊन, एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेट. बी मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका, उजेड लागतो. २ ते ४ आठवड्यांत उगवतं. बर्मानी बहुधा एकाच हंगामाचा, त्यामुळे पहिल्या बोंडांतलं बी राखून ठेवणं आवश्यक.

माळरान

खायला काय घालू? पनीरचा तुकडा घातला तर पान काळं पडलं.

सूक्ष्मदर्शी

तुकडा मोठा झाला. पानाला पचवता येईल त्यापेक्षा जास्त झालं की बुरशी आधी पोचते. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा १ मिमीचा कण, एका पानावर एकच, आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं. काळं पान कापून टाका. बाहेर ठेवलेल्या कुंडीला चिलटं मिळतात, तिला काही घालायची गरज नाही.

पायवाट

जाता जाता एक. घाटात ओल्या, शेवाळलेल्या झाडाच्या खोडावर इवली पांढरी फुलं दिसली. खालचा ओठ पंख्यासारखा, ५ पाळ्यांचा, बुडाशी पिवळा ठिपका. पानं गोल, ३-४ मिमी. सीतेची आसवे झाडावर?

कृष्णाकाठ (सांगली)

हो, युट्रिक्युलेरिया स्ट्रायाटुला. ओल्या खडकांवर आणि खोडांवरच्या शेवाळात वाढते. निदलपुंज मागून बघा: वरचा भाग खालच्यापेक्षा कितीतरी मोठा. हिच्या बीवरही केस आहेत, टोकाशी उलट्या आकड्यांचे. उभ्या खोडावर बी घसरून खाली न जाता शेवाळात अडकायला ते उपयोगी पडत असावेत. १० पटीच्या भिंगाने ते दिसणार नाहीत, ४० पट तरी लागेल, आणि फळ हिरवं असताना बघू नका, वरचा निदल कोरडा पडल्यावर बघा.